दुसऱ्या बोटाखालचा तीळ

नांदुऱ्यात डॉ. मंजुश्री गवईंना लोक ‘रक्त-लघवीवाल्या मॅडम’ म्हणतात. मॅडमची त्याला हरकत नाही. पण दुपारी लॅबमधली गर्दी ओसरली की त्या सूक्ष्मदर्शकापुढे बसतात, आणि मग त्यांना हाक मारून उपयोग नसतो. काचेवर कातडीचा रंगवलेला काप असतो, केसाहूनही पातळ. इतकी वर्षं पाहूनही त्यांचं मन भरलेलं नाही. तिळाचा काप आला तर विचारूच नका. साध्या तिळाच्या पेशी वर घोळक्याने असतात. जसजशा खाली उतरतात तसतशा लहान होतात, फिकट होतात, निवांत होतात. त्यांना हे कोण शिकवतं, देव जाणे. कर्करोगाच्या पेशी मात्र कितीही खाली गेल्या तरी तशाच थोराड आणि मोकाट राहतात. एवढ्याशा फरकावर माणसाचा निकाल लागतो.

त्या दिवशी काचेवर छायाचा तीळ होता. छाया मोताळ्याकडची, शेतात राबणारी तरणी सून. डाव्या पायाच्या दुसऱ्या बोटाखालचा तीळ पसरत चालला, म्हणून सर्जननी तो समूळ कापून तपासायला पाठवला होता. कर्करोग निघाला तर बोट जाईल, हे त्यांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

मंजुश्रींना पाहताक्षणी कर्करोगच वाटला. वरच्या थरात काळ्या पेशी सैरावैरा पसरलेल्या, काही तर पार पृष्ठभागाशी चढलेल्या. निकाल लिहायला हात गेलासुद्धा, पण डोळा काचेवरून निघेना. त्या पेशींखाली गुलाबी तंतूंची आडवी पट्टी होती. तो जुन्या जखमेचा व्रण होता. आणि व्रणाच्या खाली मूळचा तीळ शहाण्यासारखा बसलेला, पेशी लहान-लहान होत गेलेल्या. वरचा सगळा धिंगाणा व्रणाच्या रुंदीएवढाच होता. अर्धवट गेलेला तीळ पुन्हा उगवतो तेव्हा असं भयंकर सोंग घेतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण सर्जनच्या चिठ्ठीत तर ‘आधी काही उपचार नाही’ असं स्वच्छ लिहिलेलं.

त्यांनी छायाला बोलावून घेतलं. ती सासूला, सिंधूताईंना, घेऊन आली. पायाला पट्टी, त्या पायात जोडवं नाही. तीळ कधी कापला होता का, जाळला होता का, असं मंजुश्रींनी विचारलं. छायाने मान खाली घातली. सिंधूताई ठामपणे नाही म्हणाल्या.

मंजुश्रींनी मग साडी जराशी वर केली आणि स्वतःच्या पोटरीवरचा काळपट डाग दाखवला.

“काटा रुतला होता मावशी. माह्या मायनं बिब्ब्याचा चटका देला. तुमच्या घरी कोन देते?”

सिंधूताईंनी वाकून त्या डागाला बोट लावून पाहिलं.

“म्याच देला, बाई. चालतानी ठनके तिले. चटका देला त झडला, मंग डबल आला. सांगतलं असतं त डाक्टर म्हनले असते, तूच कॅन्सर केला सुनेले.”

मंजुश्रींनी काच पुन्हा पाहिली, नागपूरच्या आपल्या सरांना फोटो पाठवले. त्यांचंही मत तेच पडलं. मग त्यांनी दोघींना सांगितलं, की हा कर्करोग नाही, साधाच तीळ आहे, पुरता निघाला आहे. बोट राहणार. चटक्याने कॅन्सर झालेला नाही, पण त्याच्यापायी बोट जाता जाता राहिलं. तेव्हा बिब्बा आता बंद.

छायाला त्यांनी काच दाखवली. तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

“इतकं सारं चालू होतं माह्या पायात,” ती हळूच म्हणाली, “अन् मले पत्ताच नाई.”

मंजुश्रींना तरी वेगळं काय वाटत होतं? चुलीपुढे दिलेला एक चटका शरीराने जसाच्या तसा जपून ठेवला होता, आणि त्याच्याच साक्षीने आज बोट वाचलं होतं.

सिंधूताईंना काच बघायची नव्हती. त्यांनी पदराची गाठ सोडली. तीळ कापायच्या दिवशी छायाच्या बोटातून काढलेलं जोडवं त्यात होतं. ते त्यांनी सुनेच्या तळहातावर ठेवलं.

“टाके निघाले का घालजो,” त्या म्हणाल्या.