नवव्या पानावरची गाडीवाट

सेलूच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये एक टायपिस्ट बसतात. मजकूर पटला नाही की चष्मा कपाळावर सरकवतात आणि हात मांडीवर ठेवून टायपिंग थांबवतात.

माझ्या वकिलीच्या पहिल्या वर्षी ते असेच थांबले. शेजाऱ्याने माझ्या अशील बाईंच्या शेताची गाडीवाट काट्या टाकून बंद केली होती. वेचलेला कापूस शेतातच अडकला होता. वाट कधी नव्हतीच, बाई खोटारडी आहे, असं त्याने कोर्टात लेखी दिलं. मी चिडून बारा पानांचं प्रत्युत्तर लिहिलं.

तिसऱ्या पानावर ते म्हणाले, "मॅडम, त्यांनी शिव्या दिल्या म्हणून तुमीबी द्यायलाव. वाट हाय का न्हाई, ते कुठंय?"

"नवव्या पानावर. त्याच्याच खरेदीखतात लिहिलंय, पूर्वेला गाडीवाट."

"मग जजसाहेबांनी तिथवर चालत जायचं का?"

मला राग आला. पण त्यांनी उठून स्वतःची खुर्ची मला दिली आणि माझं पुन्हा लिहून होईपर्यंत उभे राहिले. मागे लोक खोळंबले होते. दीड पान झालं. पहिल्याच ओळीत खरेदीखत.

न्यायाधीशांनी ती ओळ वाचून समोरच्या वकिलांना विचारलं, "हे खत तुमच्याच अशिलाचं ना?" वाट मोकळी करायचा हुकूम झाला. बाईंची बैलगाडी शेतात गेली.

मी आभार मानायला गेले, तेव्हा कळलं की समोरच्यांचं म्हणणंही त्यांनीच टाइप केलं होतं.

"त्यांनाबी म्हणलं होतं, शिव्या काढा," ते म्हणाले. "तुमी ऐकलं."