आमच्या घराभोवतीचं वर्तुळ

घोटीच्या शाळेत मी भूगोल शिकवते. लग्न होऊन या गावात आले तेव्हा माझ्या शिकवण्याचं कुणाला फारसं काही वाटलं नव्हतं. सकाळी जीपने खाली जायचं, संध्याकाळी वर यायचं, एवढंच. गाव घोटीपासून वर, डोंगराच्या सोंडेवर आहे. खाली भाताची खाचरं, उतारावर नागली-वरई, आणि त्याच्याही वर सडा, म्हणजे सपाट कातळाचं मोकळं माळरान. पावसाळ्यात तिथे असा वारा सुटतो की गुरं त्याच्याकडे पाठ करून जागच्या जागी उभी राहतात.

या वाऱ्यासाठी एक कंपनी गावात आली. त्यांना सडा भाड्याने हवा होता, पवनचक्क्या उभारायला. माझे सासरे त्या सभेत उठून उभे राहिले. गाव त्यांना आबा म्हणतं, मीही आबाच म्हणते. ते म्हणाले, "वारा आपला, जागा आपली, अन् मालक मुंबईचा? मग आपण काय नुसतं वर बघत बसायचं?"

लोक हसले, पण बोलणं मनात बसलं. कंपनीला नकार गेला आणि गावाने स्वतःची सहकारी संस्था काढली. प्रत्येक घराचा तिच्यात वाटा. दोनच मनोरे उभे करायचे. त्या विजेवर भाताची गिरणी आणि पाण्याची मोटर चालवायची, उरलेली वीज विकायची. मला याचा फार अभिमान वाटला होता. माझ्या सासऱ्यांनी हे केलं, असं शाळेत मी सांगत असे.

संस्थेला सल्ला द्यायला नाशिकहून एक निवृत्त इंजिनियर येऊ लागले. शांत, हळू बोलणारे गृहस्थ. देवळाच्या सभामंडपात त्यांनी सांगितलं, की मनोऱ्याची जागा ठरवण्याआधी कुणाला काय त्रास होईल ते बघावं लागेल. घरं, पाणी, झाडं, पक्षी, सगळं. "हे गावातल्याच कुणी केलं तर बरं," ते म्हणाले. "बाहेरचा माणूस दोन चकरा मारून निघून जाईल, त्याला काय दिसणार?"

आबांनी माझ्याकडे न बघताच सांगून टाकलं, "आमच्या सूनबाई करतील. नकाशाचंच काम हाय त्यांचं."

मी बायकांच्या बाजूला बसले होते. सगळ्यांनी वळून पाहिलं. अशा वेळी नाही म्हणता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला नाही म्हणायचंही नव्हतं.

त्या वर्षी सुट्टीचे दिवस सड्यावर गेले. एकटी सून माळावर हिंडते हे बरं दिसत नाही म्हणून सासूबाई सोबत यायच्या. त्यांना या कामाचा कंटाळा होता. गुडघे दुखतात म्हणून कुरकुर करायच्या, दगडावर बसून राहायच्या, मधेच "झालं का गं तुझं?" असं ओरडायच्या. मी लिहीत असले की त्या वाऱ्याला शिव्या घालायच्या. पदर डोक्यावर राहू देत नाही, चूल पेटू देत नाही, कान बधिर करतो. "ह्या मेल्याला विकत कोन घेनार?" असं म्हणून त्या हसायच्या. त्या दिवसांत आम्ही दोघी एकमेकींशी जेवढं बोललो तेवढं आधीच्या सगळ्या वर्षांत बोललो नव्हतो.

सड्याच्या पश्चिमेला कडा आहे. तिथल्या कपारींत गिधाडांची घरटी आहेत. खालून विष्ठेचे पांढरे ओघळ दिसतात. मी सांगितल्यावर इंजिनियर लगेच म्हणाले, की तिथून लांब राहावं लागेल. ज्या वाऱ्यावर पंखा फिरणार त्याच वाऱ्यावर हे पक्षी वर चढतात, आणि त्यांना पुढचं पातं दिसत नाही. उत्तरेला देवराई. तिच्या खालच्या अंगाला झरा, ज्याचं पाणी ठाकरवाडी पिते. पाया खणताना सुरुंग लावला तर झऱ्याचं पाणी दुसरीकडे वळेल, ही भीती वाडीने बोलून दाखवली, आणि तिच्यात तथ्य होतं. मग घरं. गाव सगळं एका ठिकाणी नाही. दोन घरं इकडे, चार तिकडे, असं सोंडेवर विखुरलेलं आहे.

घरांचा त्रास म्हणजे नेमका काय, हे बघायला आबा आम्हाला धुळ्याच्या बाजूला घेऊन गेले. तिथल्या पठारावर मोठमोठे मनोरे आहेत. खाली उभं राहिलं की मान दुखते. पुरुषमंडळी पाती मोजत, फोटो काढत फिरत होती. मी जवळच्या एका घरात पाणी मागितलं. त्या बाईने पाणी दिलं, बसायला गोणपाट टाकलं. आवाजाचं विचारलं तर म्हणाली, "दिनले काही नई वाटत, बाई. रातले वारा सुटना का मंग कान तठेच लागतस." दिवसा कळत नाही, रात्री मात्र कान तिथेच लागून राहतो, असं ती सांगत होती. आम्ही बोलत असतानाच एका पात्याची सावली तिच्या अंगणावरून गेली. मग दुसरी. मग तिसरी. वाळत घातलेल्या मिरच्यांवरून, कोंबड्यांवरून, तिच्या तोंडावरून. मी दचकत होते, ती दचकत नव्हती. फक्त दर सावलीला तिचे डोळे किंचित मिटत होते.

हे सगळं मी पुढच्या सभेत सांगितलं. घरापासून ठरावीक अंतर ठेवायचंच, असा ठराव त्याच सभेत झाला.

मग मी नकाशा काढायला बसले. शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीतल्या लांब टेबलावर गावाचा मोठा कागद पसरला आणि कंपासने एकेक वर्तुळ काढत गेले. कड्याभोवती, देवराईभोवती, झऱ्याभोवती, प्रत्येक घराभोवती. एक वर्तुळ दुसऱ्यात शिरायला लागलं. सड्यावर मोकळी राहिलेली जागा आधी हातभर होती, मग बोटभर, आणि शेवटच्या घराचं वर्तुळ पुरं झालं तेव्हा काहीच उरलं नाही. मी दोनदा ताडून पाहिलं. वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही झालं. जागाच नाही, तर कुणाचा काय इलाज? काम प्रामाणिकपणे झालं होतं.

इंजिनियर एका संध्याकाळी घरी आले. ओट्यावर आबांच्या शेजारी बसून त्यांनी नकाशा मांडीवर घेतला आणि एकेक वर्तुळ निरखून पाहिलं. मग म्हणाले, "मॅडम, काम अगदी चोख आहे." आणि एका घरावर बोट ठेवलं. "हे कुणाचं?"

"आमचं."

"मागची ही मोकळी जागा?"

"आमचंच टेकाड. मुरूम आहे सगळा, काही पिकत नाही."

ते आबांकडे वळले. "जमीन ज्याची, त्याच्या स्वतःच्या घराला अंतराची अट लावलीच पाहिजे असं नाही. त्याची हरकत नसेल तर. एवढं एक वर्तुळ पुसलं, तर एका मनोऱ्यापुरती जागा होते. बाकी कुठलाच नियम मोडत नाही."

आबांना विचार करायला क्षणही लागला नाही. त्यांचा चेहरा उजळला. "मग आमचं घर धरू नका," ते म्हणाले. "खोड गं ते."

पेन्सिल माझ्याच हातात होती. मी आत जाऊन खोडरबर आणला आणि आमच्या घराभोवतीचं वर्तुळ पुसलं. त्या वेळी काय बोलायला हवं होतं, हा विचार मी नंतर कितीतरी वेळा केला. सभेत उभं राहून इतरांच्या दारात मनोरा नको म्हणून सांगणारी मीच होते. आता आमच्या दारातही नको म्हणाले असते, तर मी वर्तुळं सोयीने काढली असं गाव म्हणालं असतं. आणि कड्याचं, झऱ्याचं, वाडीच्या घरांचं, ज्यावर मी एवढी हिंडले होते ते सगळंच खोटं ठरलं असतं.

सासूबाई चुलीपाशी होत्या. "काय पुसलंस?" त्यांनी विचारलं.

"आपलं घर."

"म्हंजी?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "अन् मला कुनी इचारलं?"

माझे यजमान नाशिकरोडला नोकरी करतात, शनिवारी घरी येतात. मी त्यांना सगळं सांगितलं. "तू नाही म्हण ना सरळ," ते म्हणाले.

"अहो, मी कशी म्हणू? तुम्ही म्हणा. तुमचे वडील आहेत."

"आबांना मी नाही म्हणू? आयुष्यात पहिल्यांदा गाव त्यांच्या मागे उभं आहे." मग थोड्या वेळाने, "मी आठवड्यातून एक दिवस येतो. माझ्या म्हणण्याला काय अर्थ आहे?"

सभा भरली. इंजिनियरांनी नवी जागा सांगितली, आबांनी आमच्या घराची हरकत नाही असं जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनियर मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही सगळा अभ्यास केलाय. तुमचं मत सांगा."

मी उभी राहिले. "आमच्या घराला आवाज येईल," मी म्हणाले. "टेकाड पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळी घरावर सावली फिरेल. गिधाडांना, झऱ्याला, वाडीला आणि बाकी घरांना या जागेचा त्रास नाही." यातला प्रत्येक शब्द खरा होता. लोकांनी शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं.

तेवढ्यात माझ्या मागून सासूबाई उठल्या. सभेत त्या कधी बोलल्या नव्हत्या. "माझी हरकत हाय," त्या म्हणाल्या. "मी त्या घरात दिवसभर असते. हे देवळात बसतात, हिला शाळा हाय, पोरगा नाशिकला. आवाज ऐकनार कोन? मी."

आबा जमिनीकडे बघत राहिले. इंजिनियरांनी हरकत लिहून घेतली आणि सभा पुढे ढकलली.

त्यानंतर सासूबाईंना कुणी वाईट बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, त्या भांडल्या असत्या. बायका पाण्यावर त्यांना पुढे जागा द्यायला लागल्या. कुणी ताक आणून द्यायचं, कुणी गुडघ्याला लावायला तेल. "मावशी, तुमच्या मनाविरुद्ध काय नाय करायचं," असं म्हणायच्या आणि तिथेच बसून राहायच्या. मग हळूच गिरणीचा विषय निघायचा, दळणासाठी घोटीपर्यंत डोक्यावर ओझं नेण्याचा विषय निघायचा. ठाकरवाडीची एक म्हातारी येऊन त्यांच्या पाया पडली, आमचा झरा वाचवला म्हणून. अजून काही ठरलंही नव्हतं. घरी आबा त्यांच्याशी नेहमीपेक्षा मऊ बोलत होते. मी काहीच बोलत नव्हते, आणि माझं न बोलणंही त्यांना एका बाजूला ढकलतच असणार.

एक दिवस भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "बसवा म्हनावं. ह्या लोकांचं गोड बोलनं मला सोसंना."

मी त्यांच्यासाठी एक गोष्ट मात्र ठरावात लिहून घेतली. सकाळी ज्या वेळी घरावर सावली पडेल, त्या वेळी पंखा थांबवायचा. इंजिनियर म्हणाले, हे यंत्रातच बसवता येतं. ठराव मंजूर झाला. पण मंजूर होताना मागे कुजबुज झाली ती मी ऐकली. पंखा थांबला की गावाची वीज थांबणार, आणि तो कुणासाठी थांबला हे सगळ्यांना माहीत असणार. आता रोज सकाळी गाव आमच्या घराकडे बघणार.

यजमानांनी नाशिकरोडला दोन खोल्या पाहिल्या. "तू चल," ते म्हणतात. "शाळेला तिथूनही येता येईल." सासूबाई म्हणतात, "जा गं तुम्ही, आमचं काय." मी गेले, तर टेकाडाखालच्या घरात त्या आणखी एकट्या. आणि ज्या बाईने जागा दाखवली तीच घर सोडून गेली, हे कळल्यावर शेजारच्या गावांना मी काय सांगणार? तिथलीही माणसं आता चौकशीला यायला लागली आहेत. मी खोल्यांचा विषय बदलते. ते समजतात, आणि पुढचा शनिवार येईपर्यंत बोलत नाहीत.

दोनाऐवजी एकच मनोरा होणार आहे. पाया भरून झाला आहे. टेकाड सपाट केलं, रस्ता रुंद केला, त्यात आमच्या करवंदीच्या कुंपणाचा पट्टा गेला. मनोरा यायचा आहे. घाटातल्या वळणावरून एवढा मोठा ट्रेलर कसा वर आणायचा, याची खटपट चालू आहे. तोवर पायाचा गोल ओटा तसाच उघडा आहे. उन्हाने चांगला तापतो, म्हणून सासूबाई त्याच्यावर नागलीचे पापड वाळत घालतात.

परवा पापड उलटायला मी वर गेले होते. तिथून आमचं घर पूर्ण दिसतं. दोरीवरचे कपडे, मोरीचं दार, स्वयंपाकघराची खिडकी, आणि खिडकीत सासूबाईंचा हात. त्या भांडी विसळत होत्या. मी हाक मारली तर त्यांनी लगेच वर पाहिलं. इतकं जवळ आहे ते. "वाळले का गं?" त्यांनी खालूनच विचारलं. फारसं ओरडावंही लागलं नाही त्यांना.

"अजून ओले आहेत," मी म्हणाले, आणि उरलेले उलटत बसले.