कपलिंगखालचा काळा भुगा

"काका, अब्बा गेले," एवढंच नईमची मुलगी फोनवर बोलली आणि अलिबागच्या आमच्या भागीदारीतल्या पंपांच्या दुकानात मी हातातलं खोकं घेऊन तसाच उभा राहिलो. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर त्याच्या गावी, बोर्लीला दफन झालं. त्यालाही आता महिना उलटून गेला, तरी गिऱ्हाईक आलं की माझी मान त्याच्या खुर्चीकडेच वळते...

मोटर आणि पंपाचे शाफ्ट जोडणारं कपलिंग आणि त्याच्या मधोमध बसणारं चांदणीच्या आकाराचं रबर, हा नईमचा प्रांत. आखातात समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर उमेदीची वर्षं घालवून आलेला माणूस. गिऱ्हाईक मोटरचा हॉर्सपॉवर सांगून मोकळं व्हायचं. हा मात्र सोयरीक जुळवायला बसल्यासारखा खोदखोदून विचारायचा. पाणी खारं की गोडं, दिवसातून किती वेळा चालू-बंद, खालचा पाया खचलाय का? मी वैतागायचो. तो म्हणायचा, "कपलिंग लवचिक हाय म्हणून वाकड्या शाफ्टला माफी न्हाय मिळत रे. फक्त मोहलत मिळते."

शेवटचे आम्ही एकत्र गेलो ते काशीदजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात. रबर सारखं तुटतं, म्हणून मालकाला कडक हवं होतं. "कडक घातलं तर झटका थेट पंपाला," नईम म्हणाला. "आधी एक दिवस बंद ठेवा, शाफ्ट एका रेषेत आणू." मालकाने धक्क्यावरच्या बोटींकडे हात केला. "सीझन संपू दे. सोसतंय ना अजून?" नईमने नवं नरम रबर बसवलं आणि सवयीप्रमाणे कपलिंगखाली एक पांढरं फडकं अंथरून कडांवर नट ठेवले. रबर आतून झिजू लागलं की फडक्यावर काळा भुगा पडतो, आवाज यायच्या कितीतरी आधी. परतताना धक्क्याच्या चढावर तो थांबला. हात छातीवर. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल म्हणून मी दंड धरला, तर हसला. "सीझन संपू दे. सोसतंय अजून." त्या हसण्याची मला तेव्हाच भीती वाटली होती...

परवा मी एकटाच तिथे गेलो. पंप गुमान चालला होता, कसली कुरकुर नाही. वाकून पाहिलं. नईमचं फडकं तसंच होतं, नट जागच्या जागी, पण पांढरं म्हणून काही उरलं नव्हतं. मागे मालक येऊन उभा राहिला. "आवाज न्हाय, काय न्हाय. सोसतंय की!" मी सरळ मोटरचं बटण दाबलं.

"कोनाला इचारून बंद केलं?" मालक ओरडला.

"नईमला," मी म्हणालो.