आरशातली पणजी

गरम इस्त्रीखाली सुती कापडाला एक वास सुटतो. थोडा खळीचा, थोडा उन्हाचा आणि किंचित भाजल्यासारखा. मुलांनो, तुमच्याकडे निघालेल्या गोधडीची घडी तुम्ही उकलाल तेव्हा तो बहुधा विरलेला असेल. पण मधल्या चौकोनातून माझी आई, तुमची पणजी, तुमच्याकडे पाहील आणि तिचा पदर उजव्या खांद्यावर कसा, असा प्रश्न निदान तुमच्या आईला तरी पडेलच. म्हणून हे लिहिते आहे.

आईच्या मोतिया रंगाच्या लुगड्याचा एकच धड तुकडा माझ्या कपाटात उरला होता. बाकीचे लुगडे कुणाच्या दुपट्यात, कुणाच्या उशीत झिजून गेले. त्या मऊ तुकड्यावर तिचाच चेहरा उमटावा, एवढीच माझी हौस. तुमच्या आईने तिकडून पाठवलेले छपाईचे कागद, नगरच्या दुकानातून फ्लॉपीवर आणलेला आईचा फोटो आणि इथे केडगावच्या घरातला, आजोबांचा लाडका प्रिंटर, असे सारे साहित्य सिद्ध होते. कागदावर चित्र छापायचे, ते कापडावर पालथे ठेवायचे, वरून इस्त्री फिरवायची आणि कागद अलगद सोलायचा. मी शिस्तीची बाई. आधी जुन्या अभ्र्यावर कमळ उमटवून पाहिले. किती सुरेख उमटले ते! पण कमळाला कुठे डावे-उजवे असते? पालथे ठेवलेले चित्र उलटे होते, म्हणून छापतानाच ते उलटवून घ्यावे लागते, हे त्या कमळाने मला कळूच दिले नाही.

आईवरचा कागद सोलला आणि ती मला परकीच वाटली. चमकी उजव्या नाकपुडीत, पदर उजव्या खांद्यावर.

"सासूबाई गुजराती झाल्या की," आजोबा म्हणाले. मला हसू आले नाही. कागद आणखी होता. लुगडे कुठून आणणार?

गोधडी शिवायला देवळाली प्रवऱ्याहून मावशी आली. ही आईची सर्वांत धाकटी बहीण, तिच्याच हाताखाली वाढलेली. तिने कापड खिडकीशी नेले आणि बराच वेळ न्याहाळले.

"आक्का लई बरूबर आलीय."

"अगं, उलटी आलीय. पदर बघ ना."

"बगितला. आक्का मागं बसून माजी येनी घालायची, तवा आमी दोगी आरशातच बोलायचो. मला ती आशीच ठावं हाय."

जिला मी जन्मभर समोरून पाहिले, तिने स्वतःला तसे कधी पाहिलेच नव्हते. रोज सकाळी कुंकू लावताना तिला भेटणारी, तिच्याकडे पाहून मंद हसणारी बाई हीच तर होती! मग परकी कोण, आणि कुणाला?

मावशीने त्या चौकोनाभोवती बारीक टाके घातले. काल मी गोधडीवर मागच्या बाजूने शेवटची इस्त्री फिरवली आणि तोच वास खोलीभर पसरला. मुलांनो, गोधडी आरशासमोर धरलीत, तर पणजी मला दिसायची तशी दिसेल. नुसती पांघरलीत, तर तिला स्वतःला दिसायची तशी.