कुसळांच्या ओळीखाली

माझं काम सांगितलं की लोक म्हणतात, "म्हणजे टायपिंगच ना?" डोंबलाचं टायपिंग! साधा, सलग मजकूर येतो आणि त्याला मी खुणा लावते: हे शीर्षक, हे नाव, हा उपयोग. त्या खुणांना आम्ही टॅग म्हणतो. माणसाला वाचता वाचता कळतं, संगणकाला सगळं सांगावं लागतं. वाईत घरी बसून मी हेच करते, आणि एरवी मला ते आवडतंही.

आई गेल्या वर्षी गेली. त्याआधीच्या उन्हाळ्यात मी आटपाडीकडच्या आमच्या वस्तीवर गेले होते, तेव्हा तिचं बोलणं मोबाईलवर घेतलं होतं. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेली बाई ती. कुठला चारा कधी चारायचा, कुठला टाळायचा, सगळं तोंडपाठ. सांगलीतली एक संस्था अशी माहिती जमवते, म्हणून ते सगळं मी ऐकून टाईप केलं आणि टॅग लावायला घेतले. आपली आई कुठंतरी टिकावी, एवढंच मनात होतं.

बाभळीला झाडाचा टॅग, शेंगांना चाऱ्याचा, उन्हाळ्याला ऋतूचा. काम झरझर चाललं होतं. मग ही ओळ आली:

"कुसळं वाळली की लोकरीत शिरत्यात, मेंढीला लय टोचत्यात, तवा तिकडं न्यायाचं न्हाई. आगं, जेवलीस का तू? त्वांड बघ कसं सुकलंय. तर काय सांगत हुते, कुसळं."

फाईल तपासणाऱ्या प्रोग्रामनं लाल रेघ मारली. हा मजकूर इथं चालत नाही म्हणे! मी सांगलीला फोन लावून ती ओळ वाचून दाखवली. तिथले सर भला माणूस.

"ताई, जेवणाचं तेवढं काढून टाका. माहितीत येत नाही ते."

"आवं सर, तेवढीच तर माझी आई आहे!"

ते हळूच म्हणाले, "पण त्याला रकाना नाही हो."

खरंच नव्हता. मी ते वाक्य काढलं. लाल रेघ गेली, फाईल बिनचूक झाली आणि मला भकास वाटलं. मला काय कुसळांसाठी आईची आठवण येते? आता घरात सगळे मला विचारतात, जेवायला काय आहे. जेवलीस का, असं कुणी विचारत नाही. ते ऐकायला जीव तरसतो नुसता.

रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. तिच्या प्रश्नानंतर जराशी शांतता आहे. माझा आवाज मध्ये येऊ नये म्हणून मी तेव्हा नुसती मान हलवली होती. तिला ते दिसलं होतं, पण मजकुरात मान कशी उतरणार? तिचा प्रश्न तसाच राहिला होता.

मग आठवलं, टिप्पणीची एक खूण असते. तिच्यात लिहिलेलं संगणक सोडून देतो, वाचणाऱ्यालाही दिसत नाही. पण फाईल जाईल तिथं ते सोबत जातं. कुसळांच्या ओळीखाली मी ती खूण उघडली आणि आईचं वाक्य जसंच्या तसं ठेवलं. रेघ आली नाही.

खाली उत्तर लिहायला गेले आणि थांबले. दुपार टळून गेली होती आणि सकाळच्या चहाशिवाय माझ्या पोटात काही नव्हतं. तिला खोटं कसं सांगायचं? उठले, भाकरी आणि पिठलं वाढून घेतलं, सावकाश खाल्लं, हात धुतले.

मग लिहिलं, "व्हय गं आये, जेवले."