धबधब्यापाशी ठेवलेली कुंडी

बंद सभागृहात डोंगर उभा करायचा, त्यावरून पाणी सोडायचं आणि चार दिवसांनी सगळं मोडून ट्रकमध्ये भरायचं, हा धंदा असलेल्या माणसाला लोक डोंगरकाका म्हणणार नाहीत तर काय? 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण त्यांच्यापुढे लटकी पडे. थर्माकोल, गोणपाट आणि सिमेंटचा त्यांचा डोंगर अगदी नाक लावून पाहिला तरी खरा वाटे. कुंड्या भुशात गाडलेल्या असत. बघणाऱ्याला वाटे, झाडं इथंच वाढली. पुष्पप्रदर्शनाचं पहिलं बक्षीस मात्र दरवर्षी हुलकावणी देई.

त्या वर्षी परीक्षक यायच्या दिवशीच धबधब्यामागची निळी नळी उघडी पडलेली दिसली. काका तडक घरी आले. बायको, म्हणजे सगळ्यांच्या काकू, बाजारात गेली होती. मोरीजवळ तिचं फर्न होतं, नाजूक काळ्या देठांचं. आई गेली, माहेरचं घर विकलं, तेव्हा तिने तेवढंच मागून आणलं होतं. 'चार दिवसांचा तर प्रश्न,' असं स्वतःशी म्हणत काकांनी कुंडी उचलली आणि नेऊन त्या नळीपुढे भुशात गाडली.

बक्षीस मिळालं. परीक्षकांनी नेमकं त्याच कोपऱ्याचं कौतुक केलं. संध्याकाळी काकू आल्या, धबधब्यापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या.

"छान दिसतंय," त्या म्हणाल्या. "येताना आठवणीने आणा."

"अगं, हे काय सांगायला हवं?"

शेवटच्या दिवशी काका सत्कार, फोटो, चहा यांत अडकले. परत येऊन बघतात तर सभागृह झाडून लख्ख. भुसा, गोणपाट, कुंड्या, सगळं कचऱ्याच्या गाडीतून गेलेलं. काकांनी कचरा डेपोवर जाऊन हातांनी ढीग उपसला. मिळालं नाही ते नाहीच.

काकू भांडल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी मोरीजवळची जागा पुसली आणि तिथे बादली पालथी घातली. पुढे बक्षिसं आणखी आली, कपाटावर धूळ खात बसली. काकांच्या मनातली टोचणी काही गेली नाही. काकूंनी त्या जागी पुन्हा काहीतरी लावावं, एवढंच त्यांना हवं होतं.

परवा ते रोपवाटिकेतून तसंच फर्न घेऊन आले. बादली उचलून बाजूला ठेवली आणि रोपाची काळी पिशवी फाडायला लागले.

काकू जवळ आल्या. त्यांनी दबलेली पानं हलक्या हाताने सारखी केली, वाटीभर पाणीही घातलं. मग म्हणाल्या, "पिशवी नका फाडू. पुढच्या वर्षी न्यायला सोपं जाईल."