शिट्टी फुंकण्याचं शिक्षण

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी आमच्या शाळेत एक परिपत्रक आलं. यापुढे जिल्ह्याच्या शालेय सामन्यांत प्रमाणपत्र असलेला प्रशिक्षकच संघाबरोबर मैदानाच्या दोरीच्या आत बसेल, आणि त्या प्रमाणपत्रासाठी नगरला दहा दिवसांचं शिबिर करावं लागेल. शिबिराला येणारा किमान मॅट्रिक हवा. त्याला खेळ येत असावा, अशी अट मात्र नव्हती. ती घालायचं कुणाला सुचलंच नसावं.

आमची शाळा सातवीपर्यंतची, अकोले तालुक्यात, प्रवरेच्या काठी. मुलींचा खो-खोचा संघ तालुक्यात कुणाला हार जात नव्हता. तो तयार केला होता शाळेच्या शिपायानं. त्याला सगळे मामा म्हणत. मामा चौथी पास, पण तरुणपणी गावोगाव खेळून आलेला. तो मुलींना नदीच्या वाळूत पळवायचा, म्हणजे मग मातीवर पाय हलके पडतात. हुलकावणी शिकवायला शेळीचं करडू मोकळं सोडून म्हणायचा, "धरा ह्याला." दोन महिने त्याच्यामागे धावता धावता मुली स्वतःच निसटायला शिकल्या. मी मराठी शिकवायचो. खो-खोत काही जण बसतात आणि काही पळतात, एवढंच मला ठाऊक होतं.

मुख्याध्यापक मला म्हणाले, "तुम्ही मॅट्रिक आहात, अक्षरही चांगलं आहे. जाऊन या." मला शरम वाटली, म्हणून मी आधी मामाला विचारलं. तो हसला. "जावा की गुरुजी. कागद आना तुमी, पोरींचं मी बघतो. निस्तं मला सामन्याला आत बसू द्या, म्हंजे झालं." मी शब्द दिला.

शिबिरात आम्ही तीस-चाळीस मास्तर होतो. पांढरी पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी नसेल तर हजेरी लागत नसे. दोन वयस्कर गुरुजी धोतर नेसून आले होते, त्यांना पहिल्याच दिवशी फाटकावरून माघारी धाडलं. शिकवणारे साहेब चांगले सुटलेल्या पोटाचे. दहा दिवसांत त्यांना मी एकदाच पळताना पाहिलं, जेवणाची घंटा झाली तेव्हा. मैदान होतं, पण त्यावर उद्घाटनाचा मांडव होता. समारोपालाही तोच लागणार, मग काढायचा कशाला, असं ठरलं. त्यामुळे खो-खो आम्ही वर्गात, बाकांवर बसून शिकलो. साहेब फळ्यावर खडूनं दोन खांब काढत आणि मधे चौकोन आखत, की झाला खेळ.

सकाळी मात्र मांडवाच्या कडेला अर्धा तास शिट्टीचा सराव असे. रांगेत उभं राहून एक आखूड, एक लांब, पुन्हा एक आखूड. संसारी बाप्ये गाल फुगवून फुंकत होते आणि साहेब वहीत खुणा करत होते. इतकी मूर्ख सकाळ मी पुन्हा कधी पाहिली नाही.

पारनेरकडचे एक मास्तर खरोखरचे खेळाडू होते. त्यांनी एकदा विचारलं, "साहेब, पळणारी पोरगी खांबाशी येऊन एकदम उलटी फिरली, तर मागच्या पोरीनं काय करावं?" साहेबांनी पुस्तक चाळलं. "हे यात नाही. परीक्षेला येणार नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

परीक्षा म्हणजे वही. मैदानाची आकृती रंगीत पेन्सिलींनी काढायची आणि खाली नियम सुवाच्य अक्षरात उतरवायचे. मी पहिला आलो. पारनेरकर नापास झाले, कारण त्यांच्या रेघा वाकड्या होत्या. समारोपाला त्याच मांडवात साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. दहा दिवस ज्या माणसाची मी मनात टर उडवत होतो, त्याच्या थापेनं मी फुगलो.

पुढे सामन्यांचा अर्ज आला. प्रमाणपत्रवाल्या प्रशिक्षकाच्या जोडीला एक मदतनीस आत बसू शकत होता, पण अर्जात त्याचं नाव आणि हुद्दा लिहायला लागे. अर्ज साहेबांच्याच टेबलावर जाणार होता. तिथे 'शिपाई' लिहायला माझा हात धजेना. मी तो रकाना कोरा ठेवला आणि मामाला सांगितलं की नियमात बसत नाही.

नगरला अंतिम सामन्यात मी पांढरी पँट घालून खुर्चीवर बसलो आणि मामा दोरीबाहेर, लोकांत. मुली दर मिनिटाला माझ्या डोक्यावरून त्याच्याकडे पाहत होत्या. शेवटच्या डावात आमची शेवटची पळणारी खांबाशी कोंडली गेली. मामाला राहवलं नाही. तो ओरडला, "खांब सोड! मधनं नीघ!" पोरगी निघाली आणि सुटली.

साहेबच मुख्य पंच होते. ते शिट्टी वाजवत माझ्याकडे आले. "बाहेरून शिकवणारा हा कोण? तुमचा प्रशिक्षक आहे का?"

हो म्हटलं असतं तर फार तर ताकीद मिळाली असती. मी म्हणालो, "नाही साहेब. शाळेचा शिपाई आहे. पाण्यासाठी आणलाय."

मामा पाच हातांवर उभा होता. त्यानं ऐकलं. त्यानंतर त्यानं तोंड उघडलं नाही. मुली त्याच्याकडे पाहत राहिल्या, तो जमिनीकडे पाहत राहिला. सामना आम्ही एका गुणानं हरलो.

मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. मला त्यांच्याजवळ जायचा धीर होईना. तेवढ्यात मामा दोरीखालून वाकून आत आला. आता त्याला कुणी अडवलं नाही, कारण त्याच्या हातात पाण्यानं भरलेली बादली होती. घसे कोरडे पडलेल्या मुली त्याच्याभोवती जमल्या. त्यानं त्यांना हातानं थांबवलं, पहिला पेला भरला आणि माझ्यापुढे धरला.

"आधी तुमी घ्या, गुरुजी."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी पेला घेतला आणि सगळा प्यालो.